अकरा खोकी आणि वरचे पाच टक्के

१

शनिवारी दुपारी नाशिकच्या एका गृहस्थाने चंद्रपूरहून आलेलं खोकं फोडलं. त्याने मागवलेली पितळी समयांची जोडी त्यात नव्हतीच. पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेले काळे दगड होते आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओंजळभर वाळू. रविवारी संध्याकाळपर्यंत अशी आणखी दहा खोकी दहा गावांत फुटली. कोणी जुना रेडिओ मागवला होता, कोणी शिलाई मशीन, कोणी भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यांच्या नशिबी दगड आणि वाळू.

सोमवारी सकाळी नानाजी रामटेके चंद्रपूरच्या मूल रोडवरच्या गोदामात शिरले, तेव्हा मालक प्रफुल्ल चिडे फोनवर कोणाची तरी माफी मागत होता. कोपऱ्यात विक्की उकिडवा बसला होता. प्रफुल्लचा सगळा माल हाच पोरगा बांधायचा. त्याच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती.

नानाजींनी बल्लारशा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी जिल्ह्यात कोणाचं पार्सल हरवलं, फुटलं, बदललं की लोक अजून त्यांच्याकडेच यायचे. खोक्याला हात लावून ते कुठे उघडलं गेलं हे सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

प्रफुल्लने फोन ठेवला. "नानाजी, 'बोलीघर' ॲपवर माझा लिलाव चालते, तुमाले माहीतच आहे. जुना माल घेतो, बोलीवर विकतो. चार वर्षांत असं कधी झालं नाई. तुमी फक्त एवढं लिहून द्या की माल कुरिअरवाल्याच्या गाडीत बदलला. मंग भरपाई त्याच्या बोडक्यावर."

"आधी पाहू तं द्या," नानाजी म्हणाले. "मंग लिहू."

"पाहाचं काय आहे? ह्यानं केलं असन नाईतर कुरिअरवाल्यानं. ह्याले मी संध्याकाळी ठाण्यात देतोच."

विक्कीने मान वर केली. नानाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीशी रचलेल्या तयार खोक्यांकडे. ती उद्या निघायची होती. त्यांनी एक खोकं उचललं आणि चिकटपट्टीचं टोक नखाने वर केलं. टोक कुरतडल्यासारखं होतं आणि त्याला तंबाखू-सुपारीचा तांबूस डाग होता.

"खर्रा किती खातोस रे?"

"दिवसाले चार पुड्या," विक्की पुटपुटला.

"अन् पट्टी दातानं तोडतोस."

"हाव. कैची कोणीतरी नेते नेहमी."

नानाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "प्रफुल्लभाऊ, त्या अकरा लोकांनी फोटो पाठवले असतील. दाखवा."

फोटो एकेक करून पुढे सरकत गेले. संतापलेल्या माणसांनी खोकी सगळ्या बाजूंनी टिपली होती. अकराही खोक्यांवर पट्टीची टोकं सरळ, स्वच्छ, कात्रीने कापलेली होती. तांबूस डाग एकावरही नव्हता.

"याले सोडा," नानाजी म्हणाले. "ही खोकी यानं बांधलीच नाईत. अन् पट्टी वाटेत उचकटून परत लावली असती तं खाली पुठ्ठा सोलला असता. तो कुठीच सोललेला नाई. माल इथीच बदलला. तुमच्या छपराखाली."

२

गोदामात प्रफुल्ल सोडून तीनच माणसं कामाला होती. नानाजींनी तिघांना एकेक करून समोर बसवलं आणि पार्सल ऑफिसातल्या सवयीने आधी पूर्ण नाव विचारलं.

"विक्की भाऊराव निकुरे," पोरगा म्हणाला. त्याने सांगितलं, की मागच्या सोमवारी सकाळी तो आला तेव्हा अकरा खोकी बांधून, पत्ते चिकटवून तयारच होती. त्याला वाटलं अजयभाऊने आदल्या रविवारी बांधली. त्याने ती गाडीत चढवली.

"हे पहिले काऊन नाई सांगतलं?"

"कोणी विचारलं कुठी? पहिले थापड, मंग विचारणं."

दुसरा अजय. "अजय मारोती बोबडे," तो खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. प्रफुल्लचा मेहुणा. घुग्घुसला राहायचा, गावोगाव फिरून जुना माल घ्यायचा, त्याचे फोटो काढायचा. गोदामाची एक किल्ली त्याच्याकडे होती.

"त्या रविवारी कुठी होते?"

"घरी. घुग्घुसले."

"अन् हे दगड?" नानाजींनी फोटो पुढे केला. "खाणीतले दिसून राह्यले. घुग्घुसकडचे."

अजय हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "बाहेर अंगणात पाहा नं. अर्ध्या भरावात तेच दगड हायत. कोणीबी उचलन."

ते खरं होतं. पण रविवारचं खोटं होतं. घुग्घुसच्या खाणीतल्या ओळखीच्या कामगाराला नानाजींनी फोन लावला, तर अजयच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं.

तिसरी रिना. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, आवाज एका पट्टीतला. बोली लावणाऱ्यांचे निरोप, पैसे आले की नाही ते, पत्ते, सगळं तिच्या संगणकावर चालायचं. दुसरी किल्ली तिच्याकडे.

"पूर्ण नाव, बाई?"

"रिना नैताम."

"मधात वडलांचं?"

"मी लावत नाई."

नानाजींनी कागदावर मधली जागा रिकामी सोडली. "त्या रविवारी?"

"गोदामात होती. अर्धा दिवस. पत्त्यांचे कागद छापले. ते माझंच काम आहे."

इतकं सरळ उत्तर नानाजींनी तसंच लिहून घेतलं. "कोणी आलं होतं?"

"मी असेपर्यंत कोणी नाई."

ती उठली, तेव्हा त्यांनी प्रत्येक मालाची यादी आणि कुरिअरच्या पावत्या मागितल्या. तिने दोन्ही काढून दिल्या. एवढ्या सहजपणे, जणू कोणीतरी हे कागद मागावेत याची ती वाटच पाहत होती.

३

नानाजींनी अंगणातल्या बाकड्यावर बसून कागद मांडले. ॲपवर मालाच्या फोटोखाली खोक्यासकट वजन लिहिलेलं असायचं. कुरिअरवाला पुन्हा वजन करून पावतीवर टाकायचा. त्या सोमवारी एकूण चाळीस खोकी निघाली होती. एकोणतीस खोक्यांची दोन्ही वजनं जुळत होती, पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे.

उरलेली अकरा जुळत नव्हती.

समया दोन किलो. पावतीवर दोन किलो शंभर ग्रॅम. रेडिओ चार किलो. पावतीवर चार किलो दोनशे. शिलाई मशीन बारा किलो; पावतीवर बारा किलो सहाशे. नानाजींनी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली, अकरावा आकडा तपासला आणि फरक सगळीकडे एकाच हिशोबाचा निघाला.

दगड भरून वजन साधणं ठीक आहे. पण वाळू कशाला? ग्रॅमवर ग्रॅम बसवायला. कोणीतरी तराजूपुढे बसून, चिमटीने वाळू टाकत, प्रत्येक खोकं मूळ वजनापेक्षा बरोबर पाच टक्के जास्त केलं होतं.

ते आत गेले. "प्रफुल्लभाऊ, तुमच्या धंद्यात पाच टक्के कायचे?"

प्रफुल्लचा चेहरा जरा आवळला. "काऊन?"

"सांगा."

"ते पैशाच्या व्यवहाराचे. ॲपवाले पैसे वळते करायले माझ्याकडून दोन टक्के कापते. मंग मी बोली जिंकणाऱ्याकडून पाच घेतो. वेगळ्या क्यूआरवर. प्रोसेसिंग चार्ज."

"कापते दोन, घेता पाच. ॲपवाल्याले चालते?"

"त्याले सांगते कोण? सगळेच घेतात, नानाजी."

"अन् कोणी नाई दिले तं?"

"चोवीस तास थांबतो. नाई दिले तं सौदा रद्द, चूक गिऱ्हाइकाची दाखवाची, माल परत बोलीवर. तिथी जास्तच येते कधी कधी."

"अन् त्यानं पहिले भरलेले पैसे?"

"जातात परत. दोन-तीन महिन्यांनी. कापून."

तेवढ्यात अजयने बाहेरून सगळं ऐकलं असावं, कारण तो दारात उभा राहून ओरडला, "पूर्ण सांग नं, भाऊजी! तो क्यूआर माझ्या बायकोच्या नावानं आहे. फसलो तं मी फसन. म्हणून मी त्या रविवारी भद्रावतीले दुकानासाठी गाळा पाहाले गेलो होतो. मले नाई पायजे तुझी भागीदारी!"

प्रफुल्ल त्याच्या अंगावर धावला. विक्कीने मधे पडून दोघांना धरलं. रिना मात्र आपल्या खुर्चीत बसून बघत होती, अगदी शांत.

४

रात्री घरी नानाजींनी मोबाईलवर 'बोलीघर' उघडलं. बोट भलतीकडेच पडायचं, चुकीचं पान उघडायचं, पण चौतीस वर्षं चुकलेली पार्सलं शोधलेला माणूस. तासाभरात त्यांना अकरांतलं सामाईक सूत्र सापडलं. त्या अकराही वस्तू दोनदा विकल्या गेल्या होत्या. पहिली बोली रद्द, 'गिऱ्हाइकाने व्यवहार पूर्ण केला नाही'. मग दुसरी बोली, जास्त भावाची. बाकी एकोणतीस वस्तूंत असं एकही प्रकरण नव्हतं.

मग दगड गेले दुसऱ्या गिऱ्हाइकांना. खऱ्या वस्तू कुठे गेल्या?

पहिल्या बोलीवाल्यांची नावं तिथे होती. सर्वांत लांबचं गाव सिरोंचा होतं. नाव बायनाबाई. मंगळवारी सकाळी नानाजी एसटीत बसले. आष्टी, आलापल्ली, मग नुसतं सागवानाचं रान. बस सिरोंच्याला टेकली तेव्हा दुपार कलली होती आणि थांब्यावर निम्मी माणसं तेलुगूत बोलत होती.

नदीकडच्या आळीत घर विचारत गेले. दारापाशी पोचायच्या आधीच आतून शिलाई मशीनची खडखड ऐकू आली.

बायनाबाई पन्नाशीची, हाडाने भक्कम. चंद्रपूरहून आलो म्हटल्याबरोबर मशीन थांबली. तिने कापड कापायची मोठी कैची उचलली आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मशीन न्यायले आला असन तं तसाच परत जाय. हात लावून पाय तं खरं!"

"बाई, मी न्यायले नाई आलो. ऐकाले आलो."

बराच वेळ ती कैची खाली करेना. मग बोलू लागली, तेव्हा थांबेना. नवऱ्याच्या आजारपणात तिची स्वतःची मशीन फेरीवाल्याला विकली होती. वर्षाने भाच्याने ती मोबाईलवर ओळखली. पत्र्यावर तिनेच रंगवलेलं फूल होतं. सात हजारांची बोली लागली, भरले.

"मंग मेसेज आला, साडेतीनशे अजून टाका. कायचे? म्हणे पैसे घेण्याचे पैसे! आता सांगा, दुकानदारानं पैसे मोजले तं मोजणावळ मी द्याची? दोन दिवस गावात टावर नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणे तुमचा सौदा रद्द. चूक माझी! सात हजार अजून अडकलेले हायत, म्हणे तीन महिन्यांनी भेटन, त्यातबी चारशे कापून."

"अन् मशीन?"

"मागच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलानं आली. काल मी अकरा ब्लाऊज शिवले." तिने ट्रंकेतून एक चिठ्ठी आणली. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ही तुमचीच आहे. वरचे पाच टक्के त्याच्याकडून वसूल झाले.'

"पार्सलची पावती आहे?"

पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव होतं. पोचू नैताम, वडसा.

नानाजींनी नाव पुन्हा वाचलं. त्यांच्या खिशातल्या कागदावर एका नावाच्या मधली जागा रिकामी होती.

५

बुधवारी दुपारी गोदामात सगळे जमले. प्रफुल्लने ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला फोन करून ठेवला होता. नानाजी म्हणाले, "आधी माझं ऐका, मंग बोलवा."

त्यांनी पट्टीची टोकं दाखवली. विक्की सुटला. "अजयभाऊ तुमच्यावर चिडला आहे हे खरं. पण तो माल घेते अन् फोटो काढते. कोणता सौदा कोणाचा रद्द झाला, कोणाचा पत्ता काय, हे त्याले माहीत नसते. अन् तो वजनात पाच टक्क्यांची आठवण काऊन ठेवन? तो क्यूआर त्याच्याच घरातला आहे. हे काम त्यानं केलं, ज्याच्याकडे अकराही जुने पत्ते होते, वजनाची यादी होती, किल्ली होती. अन् ज्याले पाच टक्के विसरता येत नव्हते."

रिनाने संगणकाचा पडदा बंद केला.

"काल मी ॲपवर मागं मागं गेलो, बाई," नानाजी तिच्याकडे वळले. "दोन वर्षांपूर्वी एका हार्मोनियमची बोली. अकरा हजार. रद्द. जिंकणाऱ्याचं नाव पोचू नैताम."

"माझे बाबा," रिना म्हणाली. "झाडीपट्टीत तीस वर्षं पेटी वाजवली त्याईनं. वडश्याच्या कंपनीत. रात्रभर नाटक, सकाळी घरी येऊन परत पेटीवर. अंग लुळं पडलं तेव्हा आईनं पेटी विकली. ह्या अजयभाऊलेच. बाबांची वाचा गेली होती. पण उजवा हात रोज अंथरुणावर चालत राहे, अशी बोटं. पेटी कुठी आहे, एवढंच डोळ्यानं विचारत."

अजय भिंतीकडे पाहू लागला.

"माझ्या भावानं बाबांच्या नावानं बोली लावली. गावातल्या लोकांनी पैसे जमवले. अकरा हजार भरले. मंग इथून मेसेज गेला, साडेपाचशे अजून. भावानं लिहिलं, माणूस मरून राह्यला, शनिवारी मजुरी भेटते तेव्हा देतो. इथून उत्तर गेलं, 'नियम सगळ्यांले सारखा.' पेटी पुण्याच्या एका माणसाले चौदा हजाराले गेली. बाबा आठव्या दिवशी गेले."

प्रफुल्लने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी दीड वर्षापासून इथी आहे," ती पुढे म्हणाली. "ह्या माणसाच्या समोर बसून त्याचेच मेसेज टाइप केले. पैसे टाका, नाईतर रद्द. दर वेळी वाटे, आता उठाव अन् त्याच्या तोंडावर काहीतरी फेकाव. नाई फेकलं. रद्द झालेल्या अकरा वस्तू गोदामात एका वेळी येईपर्यंत थांबली. ज्याची होती त्याले पाठवली. बाकीच्याईले दगड."

"त्या दगडवाल्याईनं काय केलं होतं?" नानाजींनी विचारलं. "अन् ह्या पोराच्या गालानं?"

तिचा आवाज पहिल्यांदा अडखळला. "त्या अकरा जणाईचे पैसे ॲपवाले ह्याच्या अनामतीतून देतील. मी पाहून घेतलं होतं. विक्कीचं... ते माझ्या हिशोबात नव्हतं. आज कोणी काई नसतं बोललं तरी मी सांगणारच होती." ती विक्कीकडे वळली. "माफ कर."

विक्कीने मान खाली घातली. "तुमी नाई मारलं, बाई."

"अन् वजन?" नानाजी म्हणाले.

"ह्यानं एकदा जरी पावत्या पाह्यल्या असत्या तं त्याले कळलं असतं. कुरिअरवाल्यानं त्या वरच्या वजनाचेबी पैसे ह्याच्याकडूनच घेतले. ह्यानं निमूट भरले."

प्रफुल्ल इतका वेळ फोन हातात घेऊन उभा होता. आता तो भडकला. "चोट्टी! माझ्या गोदामात, माझ्या पगारावर! हवालदार येऊ दे, हिले आतच टाकतो!"

"बोलवा," रिना म्हणाली. "मी माझं नाव लिहून देते. मंग तुमीबी लिहून द्या, की त्या अकरा वस्तू पहिले कोणाले विकल्या होत्या अन् काऊन रद्द केल्या. पाचशे सोळा लोकांचे मेसेज आहेत. तुमच्या त्या वेगळ्या क्यूआरचे फोटो आहेत. आज सकाळी दहा वाजता सगळे ॲपवाल्याले पाठवले. ग्राहक आयोगाची तक्रार पहिल्या बोलीवाल्या अकरा जणाईनं सह्या करून काल टाकली. पहिली सही सिरोंच्याची."

प्रफुल्लने फोनकडे पाहिलं. त्याने ॲप उघडलं आणि पुन्हा पुन्हा बोट दाबत राहिला. पडद्यावर एकच ओळ होती: खातं गोठवण्यात आलं आहे.

तो खुर्चीत बसला. आवाज एकदम खाली आला. "रिना, हे परत घे. काय पायजे ते सांग. साडेपाचशे काय, पाच लाख..."

"एकच सांगा," ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तेव्हा मेसेज तुमीच टाइप करत होते. माणूस मरून राह्यला, असं भावानं लिहिलं होतं. तुमाले आठवते का?"

प्रफुल्लने खरंच आठवायचा प्रयत्न केला. नानाजींना ते दिसलं. कपाळ आक्रसलं, डोळे वर गेले, ओठ हलले. त्याला माफी मागायची होती, पण कशाची मागायची ते आठवत नव्हतं.

"रोज इतके मेसेज असतात..." तो म्हणाला.

रिनाने मान हलवली. किल्ली टेबलावर ठेवली.

नानाजींनी कागद काढून कुरिअरबद्दल लिहिलं, 'वाटेत काही घडलेलं नाही,' खाली सही केली आणि कागद प्रफुल्लच्या हातात दिला. हवालदार आला, तेव्हा प्रफुल्लने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

६

वडश्याची बस यायला अवकाश होता. रिना पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. नानाजी शेजारी टेकले.

"तो मागंपुढं केस करनच," ते म्हणाले.

"करू दे. वकील पाह्यला आहे."

"पुण्याच्या माणसाचा पत्ता काढता येईल मले. पेटी कोणाच्या घरी आहे, विचारून पाहू शकतो."

"कायले? वाजवणारा नाई राह्यला." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "एसटीच्या पावत्या भरताना अकरा वेळा त्याईचं नाव लिहिलं. दीड वर्षात मनातलं तेवढंच लिहिलं."

नानाजींनी चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं, "आता बरं वाटून राह्यलं?"

बस आत शिरली. माणसं जागा धरायला खिडक्यांतून रुमाल टाकू लागली. रिना उठली.

"नाई," ती म्हणाली. "पण आज रात्री त्यालेबी झोप येणार नाई. मले दोन वर्षं नाई आली. त्याची आज पहिली रात आहे."

ती गर्दीत घुसली, कोपर मारत वाट काढली आणि पुढच्या खिडकीपाशी जागा मिळवली.